मरीन टँकसाठी कोकणातून दगड आणायचा सल्ला: मुद्द्यागणिक उत्तर

घरी खाऱ्या पाण्याचा टँक लावायचाय म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो. ‘दुकानातला लाईव्ह रॉक म्हणजे शुद्ध लूट. मालवण-अलिबागला गेलात की समुद्रातलेच दगड उचला. घरी उकळा, व्हिनेगर टाका, फसफसला की पास. लिटरमागे 200 ग्रॅम दगड भरा, पीएच आपोआप सांभाळला जाईल.’ यातलं एक म्हणणं बरोबर आहे, त्याकडे शेवटी येतो. बाकीचं एकेक बघू.

समुद्रातला दगड, म्हणजे टँकला चालणारच? लाईव्ह रॉक म्हणजे बहुतांशी मेलेल्या प्रवाळांचे सांगाडे: कॅल्शियम कार्बोनेट, आणि आत छिद्रंच छिद्रं. पृष्ठभागावरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. आत खोल, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे, नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणारे दुसरे जिवाणू राहतात. टँकचा खरा फिल्टर तो हाच. आपल्या किनाऱ्यावर मिळतो तो बहुतेक काळा बसाल्ट नाहीतर जांभा. बसाल्ट विषारी नाही, पण घट्ट असला तर जिवाणूंना फक्त बाहेरचं सालपट मिळतं. जांभ्याला छिद्रं भरपूर, पण तो झिजतो आणि माती सोडत राहतो.

वजनाचा हिशेब इथेच फसतो. लिटरमागे 200 ग्रॅम हा अंदाज सच्छिद्र प्रवाळ-खडकासाठी आहे. 200 लिटरच्या टँकला 40 किलो बसाल्ट टाकलात तर जेमतेम 14 लिटर आकाराचे धोंडे होतील. काचेच्या तळावर भार पूर्ण, फिल्टर नावापुरता.

व्हिनेगरने कॅल्शियम कार्बोनेट फसफसतं, म्हणून ही चाचणी; पण ती आपल्याकडे दोन्ही बाजूंनी फसवते. दख्खनच्या बसाल्टमधल्या पोकळ्यांत कॅल्साइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचेच, स्फटिक असतात, त्यामुळे बसाल्टही जागोजागी फसफसतो. उलट वणी-चंद्रपूरकडचा सिमेंटचा चुनखडक जोरात फसफसेल, पण तो ठोस असतो. आणि जेट्टीजवळच्या दगडात मुरलेलं डिझेल किंवा बोटीच्या रंगातलं तांबं व्हिनेगरला कसं कळणार? कोळंबी आणि प्रवाळांना मारायला अगदी थोडंसं तांबंही पुरतं.

पीएचचा मुद्दा लवकर संपतो. टँकचा पीएच साधारण 7.8 ते 8.4 असतो आणि त्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट जवळपास विरघळतच नाही. न विरघळणारा दगड पीएच कसा सांभाळणार? घरातल्या टँकचा पीएच उतरतो तो बऱ्याचदा बंद खोलीत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. खिडकी उघडून बघा.

आता उकळण्याचं. हा या सल्ल्यातला सगळ्यात घातक भाग. कोकणातल्या ओहोटीच्या खडकांवर झोअँथिड नावाचे, बटणांच्या चटईसारखे दिसणारे जीव सर्रास असतात. त्यांच्यातल्या पॅलिथोआ गटातल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन असतं. हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी 1971 मध्ये ते वेगळं काढलं. आजवर माहीत असलेल्या अत्यंत जहाल विषांपैकी ते एक आहे. ते उकळून नष्ट होत नाही, वाफेच्या थेंबांबरोबर घरभर पसरतं. मग ताप, खोकला, धाप. असे दगड उकळल्याने किंवा गरम पाण्याने घासल्याने घरातली सगळी माणसं रुग्णालयात गेल्याची प्रकरणं परदेशातल्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. शिवाय दगडाच्या आत कोंडलेली वाफ दगड फोडू शकते ते वेगळंच. आणि न उकळता आणलात तर? वाटेत गाडीत मेलेले स्पंज आणि कालवं टँकमध्ये सडून अमोनिया भडकवतील.

कायदाही आहे. 2001 पासून खडक बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. ‘मेलेलंच होतं’ ही सबब तिथे चालत नाही. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि किनाऱ्यावरचे खडक काढण्यावर सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचे) निर्बंध आहेतच.

बरोबर काय, तर महागडा लाईव्ह रॉक घ्यायलाच हवा असं नाही, हे. कोरडा सच्छिद्र ड्राय रॉक किंवा सिरॅमिकचा खडक घ्या. जांभळा रंग फासलेल्याला जास्त पैसे देऊ नका, तो रंगच आहे. बाटलीतले जिवाणू आणि थोडा अमोनिया घालून साधारण 4 ते 6 आठवडे, लागले तर जास्तही, मासा न टाकता टँक चालू ठेवा. घातलेला अमोनिया दिवसभरात शून्यावर आला, नायट्राइटही शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं की पहिला मासा. दुकानदाराने ‘ओरिजिनल लाईव्ह रॉक, आपल्याच समुद्रातला’ म्हणून काही पुढे केलं, तर तो प्रवाळच असण्याची शक्यता मोठी, आणि त्यालाही तीच पहिली अनुसूची लागू होते.