पाच डोस, अठरा डोस

माझ्या मांडीत अठरा इंजेक्शने गेली आणि माझ्या मामेबहिणीच्या शिरेत पाच. आजार एकच, स्तनाचा कर्करोग, आणि त्यातला प्रकारही एकच, ज्याला डॉक्टर हर-टू पॉझिटिव्ह म्हणतात. मला तो २०२१ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये झाला. तिला त्याच्या दोन वर्षे आधी, तेहतिसाव्या वर्षी, तासगाव तालुक्यातल्या तिच्या सासरी. या प्रकारावरचे ट्रॅस्टुझुमॅब हे औषध १९९८ पासून वापरात आहे आणि ते दर तीन आठवड्यांनी, वर्षभर देण्याची रूढ पद्धत आहे. अठरा डोस म्हणजे ते वर्ष.

दर ऑक्टोबरात मराठी वर्तमानपत्रांत गुलाबी फिती आणि स्वतःची तपासणी कशी करावी याचे लेख येतात. त्यावरून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर नुकताच वाद झाला. मावसभावाचे म्हणणे असे की बायका वेळेवर दाखवत नाहीत, हेच खरे दुखणे. काकांचे म्हणणे असे की महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सर्वांना लागू झाली आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे, तेव्हा पैशांचे रडगाणे जुने झाले. आणि दोघांनी मिळून मला सुनावले की इंग्लंडात सगळे फुकट मिळते, तू यात बोलू नकोस. मला बोलायचे आहे, कारण दोन्हीकडचे हिशेब माझ्यासमोर आहेत.

प्रथम वेळेवर दाखवण्याविषयी. बहिणीने गाठ हाताला लागल्यापासून आठवड्याच्या आत दाखवली होती. तिची धाकटी मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची, अंगावर पिणारी, त्यामुळे डॉक्टरांनी दुधाची गाठ म्हणून शेक सांगितला, आणि त्या शेकात चार महिने गेले. माझ्या इथल्या डॉक्टरांनाही ‘या वयात बहुधा काही नसेल’ असेच वाटले होते. फरक एवढाच की गाठीची शंका आली तर दोन आठवड्यांत तज्ज्ञाकडे पाठवायचे हा त्या वेळचा नियम होता, आणि त्यांनी नियम पाळला. तरुण बाईला सरसकट तपासणीने वाचवता येते असे मानायला फारसा आधार नाही. ब्रिटनमध्ये मॅमोग्राफीचे, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीचे, बोलावणे पन्नाशीनंतरच येते. टाटा रुग्णालयाने मुंबईत दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे केलेल्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधील मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झालेले दिसले, पण पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये तसा फायदा दिसला नाही. तेहतिशीच्या बाईला गुलाबी फितीपेक्षा गाठ पाहिल्याबरोबर सोनोग्राफी आणि बायोप्सी लिहून देणारा डॉक्टर हवा असतो.

आता पैसा. तिचा नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहे आणि तेव्हा त्याला महिन्याला २४ हजार पगार होता. राज्य कामगार विम्याची मर्यादा २१ हजारांची, म्हणून ते दार बंद. वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या वर गेले की रेशनकार्ड पांढरे होते, आणि २०१९ मध्ये जन आरोग्य योजनेचा दीड लाखांचा लाभ सांगलीसारख्या जिल्ह्यात पिवळ्या आणि केशरी कार्डावरच मिळत असे. म्हणून तेही दार बंद. सरकारच्या लेखी हे कुटुंब सुस्थितीतले होते. शस्त्रक्रिया, केमो आणि शेक यांत (रेडिएशनलाही आमच्याकडे शेकच म्हणतात, हा भाषेचा एक क्रूर विनोद) दागिने आणि पतपेढीचे कर्ज संपले. मग ट्रॅस्टुझुमॅबची पाळी आली. भारतीय कंपनीचे औषध, सवलत धरून, एका डोसाला २४ हजार: दर तीन आठवड्यांना एक पगार.

तिच्या डॉक्टरांनी मात्र एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. ब्रिटनमध्ये सरकारी पैशाने चार हजारांवर स्त्रियांवर ‘पर्सेफोन’ नावाची चाचणी झाली होती आणि त्याच वर्षी ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली होती, वर्षभराऐवजी सहा महिने औषध दिले तरी आजार परत येण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. म्हणून त्यांनी अठराऐवजी नऊ डोस ठरवले. औषध कंपनी असा अभ्यास स्वतःहून करील ही अपेक्षा भाबडी आहे. आपल्या औषधाचा खप निम्मा व्हावा असे कोणत्या दुकानदाराला वाटेल? तरीही बहीण नऊपर्यंत पोहोचली नाही. नऊ डोसांना संशोधनाचा आधार होता, पाचांना माझ्या मामाच्या दोन म्हशींचा.

‘इंग्लंडात फुकट’ याबद्दलही थोडे सांगायला हवे. माझ्या व्हिसाबरोबर दर वर्षासाठी ६२४ पौंड आरोग्य अधिभार मी आधीच भरला होता (आता तो १,०३५ पौंड आहे), आणि पगारातून कर जातो तो वेगळा. उपचारांच्या वेळी मात्र रुग्णालयातल्या पार्किंगखेरीज मला पाकीट काढावे लागले नाही. इथली रडगाणी निराळी आहेत: तज्ज्ञाकडे पाठवल्यापासून ६२ दिवसांत उपचार सुरू व्हावेत हे उद्दिष्ट गेली कित्येक वर्षे पाळले गेलेले नाही. शिवाय इथेही नकार मिळतो. कोणत्या औषधाला सरकारी पैसा द्यायचा हे ‘नाइस’ ही संस्था ठरवते आणि निरोगी आयुष्याच्या एका वर्षामागे साधारण वीस ते तीस हजार पौंडांच्या वर खर्च जाऊ लागला की ती बरीच वर्षे हात आखडता घेत असे. २०२४ मध्ये तिने ‘एनहर्टू’ हे औषध स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रगत प्रकारासाठी नाकारले, आणि स्कॉटलंडमध्ये मात्र तेच औषध मिळत होते. सुरुवातीच्या टप्प्यासाठी ट्रॅस्टुझुमॅबसुद्धा इथे सहज मिळालेले नाही. २००६ मध्ये स्विंडनच्या एका रुग्णाला त्यासाठी अपील न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि ती जिंकली.

माझ्या मते दोन देशांतला खरा फरक इथे आहे. इथला नकार एक संस्था देते, लेखी देते, कारणासह देते. त्यावर हरकत घेता येते, वर्तमानपत्रांत भांडता येते, कोर्टात जाता येते. बहिणीच्या बाबतीत नकार कोणी दिला? डॉक्टरांनी दिला नाही, सरकारने दिला नाही, नवऱ्यानेही दिला नाही. चुलीपुढे बसून तिनेच सांगितले, ‘राहू दे आता, मला बरे वाटते.’ त्या वाक्याविरुद्ध अपील कुठे करायचे? आणि ते ऐकून घरातल्या सगळ्यांना, माझ्यासकट, जी सुटल्याची भावना झाली, तिची मला अजून लाज वाटते. मी पैसे पाठवले होते, पण आणखी पाठवू शकले असते.

म्हणून काकांच्या पाच लाखांनी माझे समाधान होत नाही. योजना सर्वांना लागू झाली हे फार चांगले झाले, आणि आज बहिणीला पांढऱ्या कार्डापायी कोणी परत पाठवणार नाही. पण पाच लाख हा आकडा कुटुंबाला कळतो, रोगाला कळत नाही. या प्रकारच्या कर्करोगाला कोणते औषध, किती डोस, शेवटच्या डोसापर्यंत मिळणार का, हे पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाने, कागदावर लिहून द्यावे, आणि मिळणार नसेल तर तसेही लिहून द्यावे, म्हणजे भांडायला कागद तरी हातात राहील. ‘आपण ब्रिटन नाही’ हे उत्तर मला ठाऊक आहे. ब्रिटनने १९४८ मध्ये सर्वांसाठीची ही सरकारी आरोग्यसेवा सुरू केली तेव्हा तिथे मांस, साखर आणि लोणी रेशनवर मिळत होते. आपल्यापेक्षा तो देश तेव्हाही श्रीमंत होता हे मान्य करूनही ही आठवण ठेवावीशी वाटते.

आणि आपल्याकडे साधने नाहीत असेही नाही. २०१२ मध्ये भारताने सक्तीचा परवाना देऊन, म्हणजे पेटंट असलेले औषध दुसऱ्या कंपनीला बनवू देऊन, सोराफेनिब या कर्करोगावरच्या औषधाची महिन्याची किंमत सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आणली होती. ते हत्यार त्यानंतर म्यानातच आहे. २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयात स्तनाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाने रायबोसिक्लिब या औषधासाठी दाद मागितली होती, कारण त्याचा महिन्याचा खर्च ५८ हजारांवर जात होता. निकालाआधीच ती वारली आणि न्यायालयाने प्रकरण स्वतःहून पुढे चालवायला घेतले.

माझी बहीण आज बरी आहे, दर सहा महिन्यांनी तपासणीला जाते. गेल्या जानेवारीत मी तासगावला गेले, तेव्हा तिने आजारपणाच्या खर्चाची शंभर पानी वही दाखवली. एसटीचे भाडे, नारळपाणी, रक्ताच्या तपासण्या, सगळे तारखेवार. पाचव्या डोसाखाली तिने रेघ मारली होती आणि तिच्या गोल, शाळकरी अक्षरात लिहिले होते: ‘राहिलेले डोस ४. वाचले ९६,०००.’ त्याखाली थोरलीच्या शाळेची फी होती, आणि उरलेले पतपेढीत भरल्याची नोंद.