हुंडा न घेणाऱ्या नवरदेवासाठी

कॉलेजात असताना हुंडा न घेण्याची शपथ घेतली होतीत, आणि आता स्थळं यायला लागल्यावर तिचं काय करायचं हा प्रश्न पडलाय? घाबरू नका. शपथ मोडावी लागत नाही. नीट सांभाळली तर तिच्यामुळे पदरात थोडं जास्तच पडतं.

बायोडेटात 'हुंडा नको' असं लिहू नका; मुलीचे वडील ते खरं धरून चालण्याचा धोका असतो. अपेक्षांच्या रकान्यात 'अनुरूप' एवढंच पुरे. फ्लॅट किती बीएचके, बागायत किती एकर, हे मात्र बारकाईने लिहा. वाचणारा आकडा आपला आपण काढतो.

खरा कस लागतो सुपारी फोडण्याच्या बैठकीत, म्हणून तिथे तुम्ही असूच नका. वडिलांनी एकदाच 'आम्हाला मुलगी आणि नारळ' म्हणायचं आणि पंख्याकडे बघत बसायचं. बोलणार मामा. (मामा नसेल तर आत्याचे यजमान चालतात, पण त्यांना आधी स्वतःचा मान लागतो.) मामांनी म्हणायचं, 'यांचं काहीच मागणं नाही हो. तुमच्या लेकीच्या अंगावर काय घालायचं ते तुम्ही बघा. थोरल्या सूनबाईच्या माहेरून पंधरा तोळे आले, तेही आम्ही मागितले नव्हते.' यानंतर दीड मिनिट कुणी बोलायचं नाही. सगळी कमाई त्या दीड मिनिटात आहे. मध्येच कुणी हळव्या काकूने 'पोहे घ्या ना' म्हटलं की दोन तोळे गेलेच समजा. शिवाय हल्ली सराफाचा तोळा 10 ग्रॅमचा, जुना 11.66 ग्रॅमचा हवा असेल तर मामांना आधी पढवून ठेवा.

शब्द जपून वापरा. अंगठी, घड्याळ आणि गोफ हा मानपान. हॉल आणि पाचशे पानं ही त्यांची हौस. गाडी मुलीच्या सोयीसाठी, फक्त आरसी बुक तुमच्या नावावर. रोख रकमेला नावच ठेवू नका, ती पिशवीतून येते आणि पिशवी परत करायची असते.

कायद्याचं थोडं बघायला लागतं. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला सर्वसाधारणपणे किमान 5 वर्षं कैद, वर किमान 15,000 रुपये किंवा हुंड्याची किंमत, यातलं जे जास्त असेल तेवढा दंड. नुसत्या मागणीलाही 6 महिने ते 2 वर्षं, मग ती आडून केलेली का असेना. मामांचं वाक्य त्यात बसतं का, हे वकिलाला विचारू नका, तो सांगेल. देणाराही गुन्हेगार ठरतो, हे सासऱ्यांच्या कानावर अधूनमधून घालत राहा. मात्र पीडित व्यक्तीने दिलेल्या जबाबावरून तिच्यावरच या कायद्याखाली खटला भरता येत नाही, असं कलम 7 मध्ये एक पोटकलम आहे. ते त्यांच्या वाचनात येऊ देऊ नका.

1985 च्या नियमांनुसार न मागता आलेल्या भेटींची लेखी यादी करावी लागते: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, खाली वधूवरांच्या सह्या. लग्नघरात किराण्याची यादी असते, बस्त्याची असते, कुठल्या विहिणीला कुठली साडी याचीही असते. ही एकच नेमकी राहून जाते. राहू द्या. सह्या करताना नवरीने किमतीचा रकाना वाचला तर पहिल्याच दिवशी बोलणं वाढतं.

एखाद्या रात्री शपथ फारच टोचू लागली आणि नोंदणी विवाहच करावासा वाटला, तर सांभाळा. विशेष विवाह कायद्याखाली 30 दिवस आधी नोटीस आणि 3 साक्षीदार, एवढ्यात लग्न लागतं. मानपान घालायला त्यात जागाच नाही. त्यापेक्षा पत्रिकेवर जोतीराव-सावित्रीबाईंचा फोटो छापा. सत्यशोधक समाजाने 1873 मध्येच भटजीशिवाय लग्न लावलं होतं, ही माहिती सूत्रसंचालकाला द्या. तुमच्या मंगलाष्टकांआधी तो ती छान सांगेल.

कानपिळीला मेहुण्याला द्यायचा पोशाख तेवढा स्वतःच्या पगारातून घ्या. आणि त्याची पावती जपून ठेवा.