जिनिव्हातला नियम आणि दारातली स्कूटर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. शून्य उत्सर्जनाच्या वाहनांसाठी देशांनी एकत्र यायला हवं, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुम्ही सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत. दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून वेगळं लिहिते आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं : शंभर वर्षं तेल जाळून श्रीमंत झालेले देश आता आपल्याला उपदेश करताहेत, परिषदांमधले करार म्हणजे कागदी घोडे, चंद्रपूरच्या कोळशावर चार्ज होणारी गाडी स्वच्छ कसली, आणि शेवटी, "या जिनिव्हा-ग्लासगोचा आमच्या दारातल्या स्कूटरशी संबंध काय?" तुम्ही वीज खात्यात तीस वर्षं काढलीत, त्यामुळे हा प्रश्न वरवरचा नाही हे मला कळतं.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण माझ्याही दारात स्कूटर आहे.

२०२१ साली घेतली, विजेवरची. पहिल्या वर्षी एका चार्जिंगमध्ये ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आरामात जायची. कोथरूड ते हडपसर जाऊन-येऊन दोन दिवस निघायचे. तिसऱ्या पावसाळ्यात पंचावन्नवर आली. सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मुलाने सीटखालची वायर लॅपटॉपला जोडली, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "बॅटरी ओके आहे, मॅडम." म्हटलं, किती टक्के उरली आहे ते दाखव. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली नाही. "ते कंपनीला जातं, आम्हाला सांगायची परवानगी नाही." वॉरंटीच्या कागदावर बॅटरी 'बिघडली' तर बदलून मिळेल असं होतं, किती कमी झाली म्हणजे बिघडली, हे कुठेच नव्हतं. मी परत आले.

आता जिनिव्हा. वाहनांचे तांत्रिक नियम देशोदेशी जुळावेत म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली तिथे एक मंच चालतो. त्याच्या १९९८ च्या करारात भारत २००६ पासून आहे. या मंचाने २०२२ साली बॅटरीच्या टिकाऊपणाचा नियम मंजूर केला. पाच वर्षं किंवा १ लाख किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोवर मोटारीच्या बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत ७० टक्के. आणि उरलेली क्षमता गाडीच्या मालकाला बघता आली पाहिजे. त्या मुलाने मला दाखवला नाही तोच आकडा! पण हा नियम मोटारी आणि व्हॅनसाठी आहे. दुचाकी त्यात नाही.

दुचाकीच्या बाबतीत जिनिव्हाचं काम आपल्यापर्यंत पोचलंच नाही, असंही नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात विजेच्या स्कूटर पेटल्याच्या बातम्या आठवत असतील. एक तर इथे पुण्यात लोहगावला, रस्त्याकडेला उभी असताना पेटली होती. त्यानंतर केंद्राने समिती नेमली आणि दुचाकींच्या बॅटरीसाठीचं 'एआयएस १५६' हे मानक कडक केलं. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झालं. ही मानकं लिहिण्याचं काम आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेतून चालतं, आणि एआयएस १५६ चा पाया आहे संयुक्त राष्ट्रांचा १३६ क्रमांकाचा नियम. दुसऱ्यांनी आधी करून ठेवलेल्या चाचण्या हाताशी होत्या, म्हणून आपल्याला शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही. हे सहकार्य निरस आहे, त्याची छायाचित्रं छापून येत नाहीत, पण माझ्यानंतर, या मानकाखाली विकल्या गेलेल्या नव्या स्कूटरच्या सीटखाली ते आहे.

ग्लासगोबद्दल. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथे झालेल्या हवामान परिषदेतल्या घोषणेत नव्या मोटारी आणि व्हॅन प्रमुख बाजारपेठांत २०३५ पर्यंत आणि जगभर २०४० पर्यंत शून्य उत्सर्जनाच्या व्हाव्यात असं म्हटलं आहे. ती कायद्याने बांधणारी नाही. अमेरिका, चीन आणि जर्मनीच्या सरकारांनी त्या वेळी तिच्यावर सही केली नव्हती. तेव्हा 'कागद' हा तुमचा शब्द मी खोडत नाही. पण भारताने विकसनशील देशांच्या गटात सही करताना एक टीप घालून घेतली : आमच्याकडे विक्री मुख्यतः दुचाकी-तीनचाकींची आहे, सगळ्या सरकारांनी त्यांच्याही बदलाला साथ द्यावी. माझ्या दृष्टीने त्या अख्ख्या कागदातली मोलाची ओळ हीच. मोटारींचा विचार करणाऱ्यांच्या बैठकीत स्कूटर आणि रिक्षा आपण नेली. आपण तिथे नसतो तर कोणी नेली असती?

श्रीमंत देशांबद्दलचा तुमचा राग मला पटतो, आणि त्याला आधारही आहे. २०१५ ते २०१८ या काळात जगात १ कोटी ४० लाख जुन्या मोटारी आणि छोटी वाहनं निर्यात झाली, मुख्यतः युरोप, जपान आणि अमेरिकेतून. त्यांतली सुमारे ४० टक्के आफ्रिकेत गेली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० साली हे आकडे मांडले. डच अधिकाऱ्यांनी बंदरावर आफ्रिकेला निघालेल्या गाड्या तपासल्या, तर कित्येकींकडे रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचं वैध प्रमाणपत्रच नव्हतं. विजेच्या गाड्यांकडे जग वळेल तसा हा ओघ वाढण्याची भीती आहे. पण यावर उपाय काय निघाला? पश्चिम आफ्रिकेतल्या पंधरा देशांनी मिळून जानेवारी २०२१ पासून युरो-४ या युरोपातल्या धुराच्या मर्यादेच्या पातळीचे नियम आणले. एकट्या घानाने ते केलं असतं तर त्याच गाड्या शेजारी टोगोच्या बंदरात उतरून सीमेवरून आत आल्या असत्या. दुबळ्यांना एकी जास्त लागते, हे तुम्हाला संघटनेच्या दिवसांतून माहीत असेलच.

कोळशाचं मी थोडक्यात सांगते, कारण तिथे तुमचा अधिकार मोठा. आपली सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळशाची आहे. तरी आयसीसीटी या संस्थेने २०२१ मध्ये गाडी बनवण्यापासून भंगारात जाईपर्यंतचा हिशेब केला, तेव्हा भारतात विजेची मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षा १९ ते ३४ टक्के कमी उत्सर्जन करते असं निघालं. युरोपात तोच फरक ६६ ते ६९ टक्के आहे. म्हणजे फायदा आहे, पण त्यातला मोठा वाटा कोळसा खातो. तुमच्या खात्यात सौर आणि पवनऊर्जा वाढेल तशी माझी तीच जुनी स्कूटर आणखी स्वच्छ होत जाईल. पेट्रोलच्या गाडीचं तसं होत नाही.

आता एक विनंती. रस्ते वाहतूक मंत्रालय नियमांचे मसुदे काढतं तेव्हा हरकती-सूचनांसाठी साधारण तीस दिवस देतं. दुचाकीच्या बॅटरीची उरलेली क्षमता मालकाला दिसलीच पाहिजे, अशी मागणी मला लिहून पाठवायची आहे. जगातल्या फार थोड्या देशांत आपल्याइतक्या दुचाकी आहेत. जिनिव्हात हा विषय रेटायचा तर आपणच रेटायला हवा. पण ती क्षमता मोजायची कशी, कोणत्या तापमानाला, किती वेगाने चार्ज-डिस्चार्ज करून, हे मला नीट मांडता येत नाही. तुम्हाला येईल. तीन वर्षांच्या प्रत्येक चार्जिंगचे युनिट आणि किलोमीटर मी एका वहीत लिहून ठेवले आहेत. हो म्हणालात तर पानांचे फोटो काढून पाठवते.