नाताळ आणि ईस्टर ‘उसने सण’ आहेत का? एका फिरत्या मजकुराला उत्तर

डिसेंबर उजाडला की एक मजकूर फिरायला लागतो आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या तोंडावर थोडा फेरफार होऊन पुन्हा येतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: २५ डिसेंबर हा रोमन सूर्यदेवाचा दिवस, चर्चने तो उचलला. ईस्टर म्हणजे बाबिलोनची इश्तार देवी. दोन्ही सण चौथ्या शतकात कॉन्स्टंटाईन बादशहाने लादले. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, त्यावरूनच घटना रचलेली असल्याचं कळतं. राख, अग्नी, मेणबत्त्या हे विधीही परधर्मातून आलेले. बायबलमध्ये असे सण पाळायची आज्ञा नाही, उलट मनाई आहे. म्हणून खऱ्या विश्वासणाऱ्याने त्यांपासून लांब राहावं.

हा मजकूर टिंगल करणारे पाठवतात, तसे मनापासून श्रद्धा असलेले आणि तो वाचून धास्तावलेले लोकही पाठवतात. हे उत्तर या दुसऱ्या लोकांसाठी आहे.

‘२५ डिसेंबर सूर्यदेवाकडून चोरला’

ऑरेलियन बादशहाने २७४ साली रोममध्ये ‘अजिंक्य सूर्या’चं मंदिर अर्पण केलं, इथवर खरं आहे. पण त्या देवाचा उत्सव २५ डिसेंबरला होत असल्याची सर्वांत जुनी लेखी नोंद ३५४ सालच्या एका रोमन संग्रहातल्या कॅलेंडरात मिळते. त्याच संग्रहात हुतात्म्यांच्या स्मृतिदिनांची यादी आहे. ती अभ्यासकांच्या मते ३३६ सालची आहे आणि तिची पहिलीच ओळ २५ डिसेंबरची आहे: यहूदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला. दोन्ही नोंदी एकाच ठिकाणी सापडतात. कुणी कुणाचं घेतलं, हे त्यांवरून ठरत नाही. सॅटर्नालिया या रोमन सणाचं नाव घेणाऱ्यांनी एवढं पाहावं की तो सण १७ डिसेंबरला सुरू होई आणि लांबला तरी २३ तारखेला संपे.

मग ही तारीख आली कुठून? एक उत्तर हिशेबाचं आहे. लॅटिन भाषिक ख्रिस्ती लोकांत येशूचा वधस्तंभावरचा मृत्यू २५ मार्चला झाला अशी समजूत फार जुनी आहे. तो गर्भात आला तोही दिवस हाच, असं धरलं की नऊ महिन्यांनी २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे मृत्यूची तारीख ६ एप्रिल धरणारे होते. त्यांच्या हिशेबाने ६ जानेवारी येतो. आर्मेनियन चर्च आजही जन्म आणि बाप्तिस्मा हे दोन्ही ६ जानेवारीलाच पाळतं. हा हिशेब सगळ्याच अभ्यासकांना पटलेला नाही. सूर्योत्सवाला शह देण्यासाठी तारीख निवडली असावी, असं मानणारे जाणकारही आहेत. पण ‘चोरली हे सिद्ध झालं आहे’ असं म्हणण्याइतका पुरावा कुणापाशीही नाही.

यातून श्रद्धेला धक्का बसायचं कारण नाही, कारण खरी जन्मतारीख आपल्याला ठाऊक आहे असा दावा चर्चने कधी श्रद्धेचा विषय केलाच नाही. इ.स. २०० च्या सुमारास ख्रिस्ती लेखक अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट लिहितो की काही जण २० मे धरतात, काही जण एप्रिलमधला दिवस. नाताळचा भर कशावर आहे, ते त्या दिवशीच्या वाचनांत दिसतं. कॅथलिक उपासनेत रात्रीच्या मिस्सेला (मुख्य उपासनाविधीला) लूक २:१–१४, पहाटेच्या मिस्सेला लूक २:१५–२० आणि दिवसाच्या मिस्सेला योहान १:१–१८ वाचतात. या शेवटच्या वाचनात गोठा नाही, मेंढपाळ नाहीत, ताराही नाही. ‘शब्द देही झाला’ हेच त्याचं शिखर. देवाने माणसाचा देह धारण केला ही त्या दिवसाची घोषणा आहे. त्या आधीचे आगमनकाळाचे चार रविवारही पहिल्या आगमनाइतकेच ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याकडे डोळे लावून असतात. पहिल्या रविवारचं शुभवर्तमान तर शेवटच्या दिवसासाठी जागे राहण्याबद्दलच असतं. ज्या मंडळीत हे चार रविवार सजावट आणि गाण्यांच्या तालमीतच संपतात, तिथे नाताळ पोकळ वाटतो. दोष मात्र तारखेचा नसतो.

‘ईस्टर म्हणजे इश्तार’

इथे फार वेळ घालवायला नको. येशूच्या पुनरुत्थानाच्या या सणाचं ग्रीक आणि लॅटिन नाव पास्का. फ्रेंच, स्पॅनिश, रशियन नावंही त्यातूनच निघाली आणि ते स्वतः वल्हांडण या यहुदी सणाच्या हिब्रू नावावरून आलं. ‘ईस्टर’ हे नाव इंग्रजीचं, त्याचं भावंड फक्त जर्मनमध्ये. आठव्या शतकातला इंग्रज मठवासी बीड ते एका स्थानिक देवीच्या नावाच्या महिन्याशी जोडतो, इश्तारशी नव्हे. इंग्लंडमध्ये ते नाव रुळण्याच्या कितीतरी आधीपासून भूमध्य समुद्राच्या काठी हा सण चालू होता. अंड्यांचा उलगडाही साधा आहे: उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, कोंबड्या मात्र घालायच्या थांबत नसत, आणि साठलेली अंडी सणाला खाल्ली जात.

‘कॉन्स्टंटाईनने लादले’

कॉन्स्टंटाईन सत्तेवर आला ३०६ साली. इ.स. १५५ च्या सुमारास स्मुर्णाचा म्हातारा बिशप पॉलिकार्प रोमला गेला आणि तिथला बिशप अनिसेतस याच्याशी त्याची चर्चा झाली ती पास्का कधी पाळायचा यावर. आशियातल्या मंडळ्या यहुदी निसान महिन्याची चौदावी तिथी धरत, मग वार कोणताही असो; रोम रविवार धरत असे. एकमत झालं नाही, तरी दोघांची सहभागिता तुटली नाही. पुढे १९० च्या सुमारास रोमचा बिशप व्हिक्टर या कारणावरून आशियातल्या मंडळ्यांशी संबंध तोडायला निघाला, तेव्हा लियोंच्या इरेनियसने त्याला समजावलं. इतिहासकार युसेबियसने हे सगळं नोंदवून ठेवलं आहे. ज्या सणाच्या दिवसावरून माणसं दीडशे वर्षं आधी इतक्या पोटतिडकीने भांडत होती, तो सण बादशहाने आणला म्हणणं टिकत नाही. ३२५ च्या निकिया परिषदेने सगळ्यांनी एकाच रविवारी पाळावा एवढं ठरवलं.

आणि रविवार त्याहूनही जुना. पौल करिंथकरांना आठवड्याच्या पहिल्या दिवशी दानाचा वाटा बाजूला काढायला सांगतो, त्रोवसला शिष्य त्याच दिवशी भाकर मोडायला जमतात. दर रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस. वार्षिक सण त्यातूनच वाढला.

‘तारीख बदलते, म्हणजे घटना खोटी’

तारीख बदलते ती घटना एका ठरावीक दिवसाशी घट्ट बांधलेली आहे म्हणून. चारही शुभवर्तमानं वधस्तंभाची घटना वल्हांडणाच्या दिवसांत ठेवतात. वल्हांडण निसानच्या पौर्णिमेला येतो. चंद्रावर बांधलेला दिवस सूर्यावर चालणाऱ्या कॅलेंडरात सरकणारच.

हिशेब घरी करून पाहता येतो. २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा शोधायची, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमाच रविवारी आली तर त्यापुढचा रविवार. २०२५ साली पौर्णिमा १३ एप्रिलला, नेमकी रविवारी. म्हणून ईस्टर २० एप्रिलला. २०२६ साली पौर्णिमा गुरुवारी, २ एप्रिलला. ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ साली पौर्णिमा सोमवारी, २२ मार्चला. ईस्टर २८ मार्चला. २२ मार्चच्या आधी आणि २५ एप्रिलच्या नंतर तो कधीच जात नाही. राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, काढायचा तर ईस्टरमधून ४६ दिवस मागे जायचं: २०२६ साठी १८ फेब्रुवारी. ४६ मधून सहा रविवार वजा केले की उपासाचे ४० दिवस उरतात, कारण रविवार हा उपासाचा दिवस धरत नाहीत.

गफलत होते ती इथे: ही पौर्णिमा आकाशातली नसून १९ वर्षांच्या चक्रावर बसवलेल्या चर्चच्या कोष्टकातली असते, आणि विषुवदिनही (दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस) कायम २१ मार्चच धरतात. बहुतेक वेळा दोन्हींत फार तर एखाद्या दिवसाचा फरक पडतो. २०१९ साली मात्र तो एक दिवसच महाग पडला. ग्रीनिच वेळेनुसार विषुवदिन २० मार्चला होता आणि पौर्णिमा काही तासांतच, २१ तारखेला. नुसत्या आकाशावर ठरवलं असतं तर ईस्टर २४ मार्चला आला असता. कोष्टकात ती पौर्णिमा २० मार्चला पडली, म्हणजे हद्दीच्या एक दिवस अलीकडे. म्हणून पुढची, १८ एप्रिलची धरली आणि ईस्टर २१ एप्रिलला झाला.

ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची तारीख बहुधा वेगळी असते, कारण त्या जुन्या ज्युलियन कॅलेंडरावर मोजतात. ते सध्या १३ दिवस मागे आहे आणि त्यांची चंद्रकोष्टकंही जुनी आहेत. २०२५ मध्ये दोन्ही तारखा एक आल्या, २०२६ मध्ये आठवड्याचं अंतर, २०२७ मध्ये पाच आठवड्यांचं. एकाच पुनरुत्थानाची साक्ष देणाऱ्या मंडळ्या ते वेगवेगळ्या रविवारी साजरं करतात, ही खरंच दुखरी गोष्ट आहे. मजकूर लिहिणाऱ्यांनी याबद्दल बोल लावला असता तर तो मान्य करावा लागला असता.

‘राख, अग्नी, मेणबत्त्या बाहेरच्या’

राखेत बसून पश्चात्ताप करणारे ईयोब आणि निनवेचा राजा बायबलमध्येच भेटतात. राखेच्या बुधवारची राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) वापरलेल्या झावळ्यांची असते. ज्या झावळ्या हातात घेऊन ‘होसान्ना’ म्हटलं, त्याच जाळून कपाळाला लावायच्या. जयघोष करणारी तोंडंच पाच दिवसांत फिरली याची आठवण त्यात आहे. झावळ्या पूर्ण वाळलेल्या हव्यात, ओलसर असल्या तर नुसता धूर होतो आणि काळपट तुकडे उरतात. थंड झालेली राख कुटून बारीक चाळायची. तिच्यात पाणी कालवू नये: राखेतला क्षार पाण्यात उतरतो, तो दाहक असतो आणि कपाळाची कातडी भाजू शकते. कोरडी राख वापरावी, फार तर थेंबभर खाद्यतेल घालावं. लावताना म्हणायचे शब्दही शास्त्रातलेच आहेत: ‘तू माती आहेस आणि मातीत परत जाशील’, किंवा ‘पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा’.

गुड फ्रायडेला कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होतच नाही. वेदी उघडी असते, तिच्यावर कापड नाही, मेणबत्ती नाही, क्रूस नाही. योहानाच्या शुभवर्तमानातलं दुःखसहन वाचतात, मग चर्चसाठी, यहुदी लोकांसाठी, देव न मानणाऱ्यांसाठी, राज्यकर्त्यांसाठी अशा दहा प्रार्थना होतात, मग क्रुसाची वंदना. ख्रिस्तशरीर (पवित्र भाकर) दिलं जातं ते आदल्या दिवशीच्या मिस्सेत राखून ठेवलेलं. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत दुपारी बारा ते तीन क्रुसावरच्या सात उद्गारांवर मनन चालतं. यात सूर्यदेव कुठे बसतो, ते मजकुरात सांगितलेलं नाही.

ईस्टरच्या आदल्या रात्रीचं जागरण हा तर वर्षाचा कळस. नियम असा की ते अंधार पडण्यापूर्वी सुरू करायचं नाही आणि रविवारी उजाडण्यापूर्वी संपवायचं. हा नियम शतकानुशतकं मोडला गेला. जागरण मागे सरकत सरकत शनिवारी सकाळी व्हायला लागलं होतं, आणि लख्ख उन्हात ‘ही ती रात्र’ असं गायलं जाई. पोप बारावे पायस यांनी १९५१ साली ते प्रयोग म्हणून रात्री आणलं आणि १९५६ पासून सगळीकडे लागू केलं. आजही सोयीसाठी संध्याकाळी साडेसहाला सुरू केलं की विधी हातातून निसटतो: अंधार नसेल तर प्रकाशाची घोषणा कुणाला करायची?

बाहेर नवा अग्नी पेटवतात. पास्काच्या मेणबत्तीवर क्रूस कोरतात, वर अल्फा, खाली ओमेगा, चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार अंक, आणि पाच जखमांसाठी धुपाचे पाच दाणे. मोठी मेणबत्ती थेट निखाऱ्यावर धरली तर मेण वितळून वात बुडते, म्हणून आधी काडी किंवा बारीक मेणबत्ती पेटवून तिने ती लावावी. मिरवणूक तीनदा थांबते, तीनदा ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ म्हणतात. दुसऱ्या वेळी लोकांच्या मेणबत्त्या पेटतात, तिसऱ्यानंतर चर्चमधले दिवे लागतात. वेदीवरच्या मेणबत्त्या मात्र गौरवगीताची वेळ येईपर्यंत विझलेल्याच राहतात. जुन्या करारातली सात वाचनं असतात. वेळेअभावी ती कमी करता येतात, पण तीनांखाली नाही, आणि समुद्र दुभंगल्याचं निर्गम १४ कधीच गाळता येत नाही. ते गाळलं तर पुढचा बाप्तिस्मा अधांतरी राहतो, कारण पाण्यातून पार जाऊन गुलामीतून सुटणं हाच त्याचा अर्थ. तीच मेणबत्ती पुढे पेन्टेकोस्टपर्यंत (ईस्टरपासून पन्नासाव्या दिवसापर्यंत) वेदीजवळ जळते, आणि त्यानंतर बाप्तिस्म्याला आणि अंत्यविधीला पुन्हा पेटवली जाते.

‘बायबलमध्ये मनाई आहे’

यासाठी पौलाच्या पत्रातलं गलतीकरांस ४:१० पुढे केलं जातं: ‘तुम्ही दिवस, महिने, ऋतू, वर्षे पाळता’. पौलाचा राग दिवस पाळून तारण मिळतं या शिकवणीवर आहे. तोच पौल करिंथकरांना लिहितो की आपला वल्हांडणाचा कोकरा ख्रिस्त याचं अर्पण झालं आहे, ‘म्हणून आपण सण पाळू या’. आणि मोशेच्या नियमशास्त्रात नसलेले सण वर्ज्य असते, तर योहान १०:२२ मध्ये येशू मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेच्या सणात यरुशलेमच्या मंदिरात फिरताना दिसला नसता. तो सण मोशेनंतर कित्येक शतकांनी, इ.स.पू. १६४ मध्ये सुरू झालेला.

आज्ञा नाही, हे मात्र खरं आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. नाताळ न पाळणारे प्रामाणिक ख्रिस्ती लोक पूर्वीही होते. १६४७ साली इंग्लंडच्या संसदेने तो रद्द केला होता, आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ पर्यंत तो पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. दंड करणारे चुकले, कारण रोमकरांस १४ दोन्ही बाजूंना लागू होतं: दिवस पाळणारा प्रभूकरता पाळतो, आणि प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. मंडळीतलं एखादं कुटुंब नाताळ पाळत नसेल तर पाळकाने त्यांना व्यासपीठावरून टोचू नये, त्यांच्या मुलांना नाटकात जबरदस्तीने उभं करू नये. आणि त्या कुटुंबानेही, बाजूच्या बाकावर बसून जो गुडघे टेकतो आहे तो सूर्यापुढे टेकतो आहे, असं कुणाला सांगत फिरू नये.