अडीच महिन्यांच्या बाळासाठी चक्रीफूल का दिलं नाही: एका अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री दुकान बंद करताना वाचला. बाळाचं पोट दुखतंय म्हणून पाण्यात उकळून द्यायला तुम्ही चक्रीफूल मागितलंत आणि आमच्या मुलानं चार गिऱ्हाइकांदेखत "बाळाला द्यायचं असेल तर मिळणार नाही" म्हणून पाकीट परत ठेवलं. गेल्या महिन्यात नेलेल्या पाकिटात निम्मी फुलं तुटकी निघाली, काहींना सात तर काहींना नऊ पाकळ्या होत्या, म्हणून माल बनावट आहे असंही तुम्ही लिहिलंय. आणि ज्यापासून टॅमीफ्लू हे फ्लूवरचं औषध बनतं, त्याला आम्ही नावं ठेवतो ही तिसरी तक्रार.

आधी बोलण्याबद्दल. रडणारं बाळ कडेवर घेऊन आलेल्या आईला असं तोडून बोलायला नको होतं. तुम्हाला बसायला देऊन, पाणी देऊन कारण सांगायला हवं होतं. त्याची जबाबदारी माझी आहे आणि मी तुमची मनापासून माफी मागते. पण नकार त्याचा नव्हता, माझा होता. दुकानात तशी सक्त सूचना आहे, आणि गल्ल्यावर मी असते तरी दिलं नसतं.

चक्रीफूल हे फूल नाही, फळ आहे. दक्षिण चीनमधल्या ग्वांग्शी प्रांतात आणि त्याला लागून असलेल्या व्हिएतनामच्या डोंगराळ भागात त्याची सदाहरित झाडं आहेत. फळं हिरवी असतानाच तोडून उन्हात वाळवतात. चिनी भाषेत त्याला बाजिआओ, म्हणजे आठ कोनांचं, म्हणतात. तिथल्या वैद्यकात ते उष्ण मानतात आणि थंडीनं पोटात येणाऱ्या कळांवर, उलटीवर देतात. म्हणजे पोटासाठी द्यायची रीत कुणी मनानं काढलेली नाही, हे मला मान्य आहे. तो गोडसर वास ॲनेथोलचा. त्याच्या तेलात बहुतांश तेच असतं आणि आपल्या बडीशेपेतही तेच आहे.

अडचण आहे ती त्याच्या भावंडाची. जपानमध्ये शिकिमी नावाचं त्याच कुळातलं झाड आहे. बौद्ध देवळांत आणि थडग्यांवर त्याच्या फांद्या वाहतात, पाल्याची पूड उदबत्तीत घालतात. त्याचं फळ वाळलं की हुबेहूब चक्रीफुलासारखं दिसतं, पण त्यात ॲनिसाटिन नावाचं विष असतं. आपल्या मेंदूत चेतापेशींना आवर घालणारं गाबा नावाचं रसायन असतं. ते जिथे काम करतं ती जागाच ॲनिसाटिन अडवतं. आवर सुटतो आणि झटके येतात.

हे फक्त पुस्तकातलं नाही. २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये भेसळीच्या चक्रीफुलाचा चहा पिऊन साठहून अधिक लोक आजारी पडले, काहींना झटके आले, आणि ती मोठी माणसं होती. अमेरिकेतल्या लॅटिनो घरांत बाळाच्या पोटदुखीला हाच चहा पाजायची जुनी चाल आहे. २००३ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं हा चहा घेऊ नका, असा इशारा सगळ्यांनाच दिला. तेव्हा त्यांच्याकडे सुमारे ४० जणांची नोंद होती आणि त्यांत १५ च्या आसपास तान्ही बाळं होती. उलट्या, अंगाची थरथर, डोळ्यांची भराभर हालचाल, झटके. ताई, त्या बाळांच्या आयांनीही तुमच्यासारखंच, बाळाचा जीव शांत व्हावा म्हणूनच पाजलं असणार. माझ्या मनातून हे जात नाही.

"मग तुम्ही पारखून द्या," असं एक आजी मला म्हणाल्या होत्या. मी तीस वर्षं हा माल हाताळते. परातीत ओतलं की जाड, होडीसारख्या पाकळ्या आणि त्यांत चकचकीत तपकिरी बी मला दिसते. नखानं कवच खरवडलं की बडीशेपेसारखा वास येतो. शिकिमीचा वास वेलदोड्याकडे, कापराकडे जातो म्हणतात. पण दोन्ही एका पोत्यात मिसळले की वास एकमेकांना लागतो, आणि तुकडे किंवा पूड असेल तर डोळ्यांना काहीच कळत नाही. खात्री रासायनिक तपासणीतच होते. आमच्या मालाचा प्रयोगशाळेचा अहवाल दुकानात आहे, कुणीही मागून बघावा.

तरीही बाळासाठी नाही. कारण अस्सल चिनी चक्रीफुलातही व्हेरानिसाटिन नावाची, ॲनिसाटिनच्याच जातीची द्रव्यं अगदी थोडी असतात. बिर्याणीच्या पातेल्यात एखाददुसरं फूल पडतं, गोड्या मसाल्यात किलोमागे थोडंसं जातं, त्यानं मोठ्या माणसाला काही होत नाही. पण चार-पाच किलोच्या जिवाला रोज उकळून पाजलं तर हिशोब बदलतो. किती फुलं, किती पाणी, किती वेळ उकळायचं, याचं घरोघरी माप वेगळं. माझ्या सासूबाई बाळगुटीचं सामान निवडून द्यायच्या: वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, जायफळ, ज्येष्ठमध. त्यात चक्रीफूल कधीच नव्हतं. आणि आता तर पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नका म्हणतात, म्हणून गुटीचं सामान मागणाऱ्यांनाही मी आधी बाळाच्या डॉक्टरांना विचारायला सांगते.

आता टॅमीफ्लू. तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. चक्रीफुलात शिकिमिक आम्ल असतं आणि त्यापासून ते औषध बनवतात. २००५ मध्ये बर्ड फ्लूच्या भीतीनं जगभर मागणी वाढली तेव्हा याच आम्लासाठी चक्रीफुलाची ओढाताण झाली होती. (१८८५ मध्ये ते पहिल्यांदा वेगळं काढलं ते त्या जपानी शिकिमीतून, म्हणून हे नाव.) पण ते आम्ल म्हणजे औषध नव्हे. कारखान्यात त्यावर एकामागून एक कितीतरी रासायनिक क्रिया केल्यावर ओसेल्टामिव्हिर, म्हणजे टॅमीफ्लूमधलं खरं औषध, तयार होतं. त्या क्रिया पातेल्यात होत नाहीत. काढा प्यायल्यानं घशाला बरं वाटेल, पण फ्लूच्या विषाणूवर त्याचा उपयोग होतो असं मी गिऱ्हाइकाला सांगणार नाही. पुण्यात २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हाही मी हेच सांगत होते.

राहिला तुटका माल. तिथे चूक आमची आहे. पोत्याच्या तळाचा माल चाळून वेगळा काढायचा असतो, तो तुमच्या पाकिटात गेला. पाकळ्यांचं म्हणाल तर बहुतेक फळांना आठ असतात, पण सहा, सात, नऊही येतात. त्यावरून खरं-खोटं ठरत नाही. पाकीट उघडलेलं असलं तरी घेऊन या, बदलून देईन किंवा पैसे परत देईन. मी रोज सकाळी दहा ते एक गल्ल्यावर असते.

त्याआधी एक करा. बाळाला यातलं काही आधीच पाजलं असेल आणि ते उलट्या करत असेल, दचकत किंवा थरथरत असेल, तर घरी थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या आणि पाकीट सोबत ठेवा. तसं काही नसेल तरी पोटाचं डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि बाळ आता कसं आहे, तेवढं मला कळवा.