हनुमान चालिसात सूर्याचं अंतर? आकडेमोड नीट पाहू

हनुमान जयंती आली की तो मेसेज फिरतोच: ‘जुग सहस्र जोजन पर भानू’ या ओळीत सूर्याचं अचूक अंतर आहे, म्हणजे चालीसा हा दैवी ज्ञानाचा पुरावा. हिशेब असा देतात: युग १२,०००, सहस्र १,०००, योजन ८ मैल; गुणाकार ९.६ कोटी मैल.

गुणाकार बरोबर आहे, घेतलेले आकडे मात्र सोयीचे आहेत. १२,००० ही चतुर्युगाची (चारही युगांची मिळून) दिव्य, म्हणजे देवांची वर्षं; ते काळाचं माप. ते अंतरात कसं गुणायचं? शिवाय ‘युग’ म्हणजे जोडीही (चरणयुग आठवा). तो अर्थ घेतला तर दोन हजार योजनं, म्हणजे जेमतेम १६,००० मैल! योजनाचं मापही ठरलेलं नाही. सूर्यसिद्धान्त या जुन्या खगोलग्रंथात पृथ्वीचा व्यास १,६०० योजनं आहे. आजच्या व्यासाला त्यानं भागलं तर योजन पाचेक मैलांचं निघतं. त्याच ग्रंथात सूर्याच्या कक्षेचा परीघ ४३,३१,५०० योजनं; त्याला २π नं भागलं की अंतर सुमारे ६ लाख ८९ हजार योजनं. चालिसातून काढलेल्या १ कोटी २० लाखांशी त्याचा मेळच बसत नाही.

आणि ९.६ कोटी मैल म्हणजे साडेपंधरा कोटी किलोमीटरच्या आसपास. सूर्य सर्वांत दूर असतो तेव्हाही १५.२१ कोटींवरच असतो.

मेसेजमध्ये पुढची अर्धी ओळ सहसा नसते: गोड फळ समजून मारुतीनं तो सूर्य गिळला. रामदासांच्या ‘भीमरूपी’तही हीच कथा आहे, आकड्याविना.