लाकडी देवांना अंघोळ घालू नका, फॉरवर्ड काहीही म्हणो

"लाकडी मूर्तीला रोज पंचामृताचा अभिषेक करा, उन्हात वाळवा, वरून खोबरेल चोळा. शंभर वर्षं काही होणार नाही." हा मजकूर सध्या घरोघरच्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्या मावशीने तो नुसता वाचला नाही, अमलातही आणला. तिच्या देव्हाऱ्यात पुरीहून आणलेले जगन्नाथ, बलभद्र, सुभद्रा आहेत. सुभद्रेच्या गालावरचा पिवळा रंग पोपडे धरून सुटलाय, रंगाखालचा पांढऱ्या खडीचा लेप उघडा पडलाय.

फॉरवर्डचा हुकमी एक्का म्हणजे कांचीपुरमचे अत्ती वरदर. उंबराच्या लाकडाची ही विष्णूची मूर्ती मंदिराच्या तळ्यात 40 वर्षं बुडालेली असते, 1979 नंतर थेट 2019 साली बाहेर काढली. हे खरंच आहे. पण त्यातून "लाकडाला पाणी चालतं" असा निष्कर्ष काढणाऱ्याला कोपरापासून नमस्कार! लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते तशी हवाही लागते. कायम पाण्याखाली असलेल्या लाकडाला ती हवा फारशी मिळत नाही. विहिरीच्या तळाशी जांभळाचं लाकूड घालायची जुनी रीत याच जोरावर चालली. घात होतो तो आज भिजव, उद्या वाळव यात. लाकूड फुगतं, आक्रसतं, पुन्हा फुगतं. वरचा रंग त्याच्याबरोबर ताणला जात नाही, म्हणून तो सुटतो. मावशीचे देव 40 वर्षं बुडालेले नव्हते, रोज सकाळी दहा मिनिटं भिजत होते. त्यात दूध-मध-साखर, म्हणजे मुंग्यांना आणि बुरशीला आयतं निमंत्रण.

"मग पुरीला 108 घागरी ओततात त्या?" हा मावशीचा प्रश्न. बरं, ओततात, मान्य. पण वर्षातून एकदा, ज्येष्ठ पौर्णिमेला. त्यानंतर देव आजारी पडले म्हणून पंधरवडाभर दर्शन बंद, आणि त्या काळात मूर्ती पुन्हा रंगवल्या जातात. रोजचं स्नान कसं होतं, तर समोर आरसा धरून, त्यातल्या प्रतिबिंबाला! एवढं जपूनही नवकलेवरात, म्हणजे जुन्या मूर्तींच्या जागी नव्या बसवायच्या विधीत, मूर्ती बदलतातच. 1996 ला बदलल्या, 2015 ला बदलल्या.

शास्त्राचा धाक घालणाऱ्यांनी भागवताच्या एकादश स्कंधाचा 27 वा अध्याय उघडावा. त्यात पूजेच्या मूर्तींचे आठ प्रकार दिलेत, दारुमयी, म्हणजे लाकडाची, त्यातलाच एक. पुढे सरळ लिहिलंय: "स्नपनं त्वविलेप्यायामन्यत्र परिमार्जनम्". लेपाच्या नसलेल्या मूर्तीला स्नान, बाकीच्यांना पुसणं. खडीवर रंग चढवलेली मूर्ती कुठल्या गटात जाते हे सांगायला पंडित नको. आपण तरी गणेश चतुर्थीला मातीच्या गणपतीवर तांब्या ओततो का? दूर्वेने पाणी शिंपडतो. अभिषेकाची हौस असेल तर ताम्हनात सुपारी ठेवा, नाहीतर पितळेचा बाळकृष्ण आहेच.

उन्हाबद्दल काय बोलायचं? भिजलेलं लाकूड कडक उन्हात टाकलं की तडे जाणारच.

खोबरेलात अर्धं तथ्य आहे. बिनरंगी, कोरड्या पडलेल्या लाकडाला तेलाने तुकतुकी येते, कबूल. पण ते नीट वाळत नाही. उदबत्तीची राख, धूळ त्यावर बसून कोरीवकामाच्या खाचांत काळा चिकटा जमतो, तो काढताना नक्षी झिजते. रंगीत मूर्तीला तर तेल लावूच नका.

"कडुनिंबाच्या लाकडाला कीड लागत नाही" हेही असंच. कमी लागते. बैठकीखाली बारीक भुसा दिसला तर पुसून घ्या; पुन्हा पडला तर आत किडा जिवंत आहे. मूर्ती इतर लाकडापासून वेगळी ठेवून जाणकार कारागिराला दाखवा. त्यावर "रॉकेल चोळा" हा फॉरवर्डमधला उपाय, तोही समईशेजारी ठेवायच्या वस्तूला! लिहिणाऱ्याने स्वतःच्या घरी करून पाहिला असावा असं वाटत नाही.

रोज करायचं ते एवढंच: मऊ, कोरड्या ब्रशने धूळ वरून खाली झटकायची, गंध-कुंकू ओलं न लावता पायाशी वाहायचं, आणि समई हातभर लांब. रंग सुटत असेल तिथे ब्रशही नको, आणि दुकानातलं वॉर्निश तर मुळीच नको. मावशी वॉर्निशची डबी आणायच्या बेतात आहे, म्हणून हे आजच लिहिलं.